बाईकच्या प्लास्टिक साईड बॉक्सला घरी स्प्रे पेंट कसा करायचा? संपूर्ण माहिती

लांबच्या राईडसाठी बाईकला लावलेले साईड बॉक्स आणि मागचा टॉप बॉक्स सुरुवातीला छान दिसतात. दोन उन्हाळे गेले की काळं प्लास्टिक राखाडी पडतं, पार्किंगमध्ये भिंतीला घासून ओरखडे उठतात, आणि नव्यासारख्या बाईकवर जुने डबे डोळ्यांना खुपायला लागतात. मग एखादा व्हिडिओ बघून आपण स्प्रे कॅन आणतो, तासाभरात पॅनल चकाचक होतं, फोटो स्टेटसला लागतो. आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात.

माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं होतं. रंग चांगला होता, हातही बरा बसला होता. चूक एवढीच की प्लास्टिक कोणतं आहे ते मी बघितलंच नव्हतं. म्हणून या लेखात रंग मारायच्या आधीच्या कामावर जास्त भर आहे. रंग टिकतो की नाही, ते तिथेच ठरतं. चला तर मग सुरुवात करूया.

प्लास्टिकवर रंग का टिकत नाही?

रंग पृष्ठभागाला चिकटायचा असेल तर तो आधी तिथे नीट पसरायला हवा. मेण लावलेल्या ताटलीवर पाणी टाकलं तर त्याचे थेंब होतात आणि घरंगळतात. काही प्लास्टिक तसंच वागतं. त्याच्यावर द्रव पसरत नाही, कारण त्याची पृष्ठभाग ऊर्जा कमी असते. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी आणि पॉलिइथिलीन म्हणजे पीई ही दोन प्लास्टिकं या बाबतीत सर्वात हट्टी. याउलट एबीएस हे प्लास्टिक रंगाला सहज धरतं. रंगातलं सॉल्व्हंट त्याचा वरचा थर किंचित मऊ करतं आणि पकड आणखी पक्की होते.

यात आणखी दोन अडचणींची भर पडते. पॅनल साच्यातून सहज सुटावं म्हणून कारखान्यात लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या पॅनलवर राहिलेला असू शकतो. आणि जुन्या पॅनलवर चमक आणण्यासाठी मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश आणि चेनवरून उडालेलं ल्यूब बसलेलं असतं. या थरावर मारलेला रंग प्लास्टिकला चिकटतच नाही, तो मळाला चिकटतो.

तुमचं पॅनल कोणत्या प्लास्टिकचं आहे, ते कसं ओळखायचं?

पॅनल बॉक्सवरून सोडवा आणि आतली बाजू बघा. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर साच्यातच उमटलेली बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात. दोन बाणांच्या टोकांमध्ये लिहिलेला हा प्लास्टिकचा कोड असतो. तो असा वाचा:

• एबीएस: रंगवायला सर्वात सोपं. साधा प्लास्टिक प्रायमर पुरतो.
• पीसी किंवा पीसी आणि एबीएसचं मिश्रण: रंग धरतं, पण पॉलिकार्बोनेटला तीव्र सॉल्व्हंट लागलं तर बारीक तडे जातात. थिनरपासून लांब ठेवा.
• पीपी किंवा पीपी आणि ईपीडीएमचं मिश्रण: अ‍ॅडहेजन प्रमोटर लावल्याशिवाय रंग टिकणार नाही.
• पीए, म्हणजे नायलॉन: मजबूत असतं, पण ओलावा शोषतं. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या, घासून मॅट करा आणि प्लास्टिकचा प्रायमर वापरा.
• पीई: घरी याच्या नादी लागू नका. स्टिकर किंवा रॅप हा जास्त चांगला पर्याय आहे.

कोड सापडला नाही तर एक साधी युक्ती आहे. आतल्या कडेवरून ब्लेडने नखाएवढी कपची काढा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. कपची वर आली तर ते पीपी किंवा पीई असण्याची शक्यता जास्त, कारण ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी आहेत. तळाशी गेली तर एबीएस, पीसी किंवा नायलॉन. काचतंतू किंवा भुकटी मिसळलेलं पीपी कधीकधी बुडतं, म्हणून कोड मिळत असेल तर त्यावरच विश्वास ठेवा.

काय काय सामान लागेल?

• भांडी घासायचं लिक्विड आणि नवीन हिरवा स्क्रबर
• आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मोबाईल रिपेअरिंगवाले बोर्ड साफ करायला वापरतात तेच
• वॉटर पेपर: ३२०, ६०० आणि १००० नंबर
• खोल ओरखड्यांसाठी प्लास्टिकवर चालणारी पुट्टी. गॅरेजमध्ये हिलाच लांबी म्हणतात
• प्लास्टिक प्रायमर, आणि पॅनल पीपीचं असेल तर अ‍ॅडहेजन प्रमोटर
• रंगाचा आणि क्लिअर कोटचा स्प्रे कॅन, शक्यतो एकाच कंपनीचा आणि एकाच प्रकारचा
• मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, धागे न सुटणारं कापड
• ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे

रंग किती लागेल याचा अंदाज आधी काढा. समजा एका बॉक्सचं पॅनल ५० सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद आहे. कडा धरून ते साधारण पाव चौरस मीटर झालं. दोन पॅनल म्हणजे अर्धा चौरस मीटर आणि रंगाचे तीन हात म्हणजे दीड चौरस मीटर. कॅनवर लिहिलेल्या क्षेत्रफळाशी हा आकडा जुळवून बघा. काठावर असाल तर एक कॅन जास्तीचा घ्या. अर्ध्या पॅनलवर रंग संपला आणि दुसऱ्या लॉटचा कॅन आणला, तर छटेत फरक दिसू शकतो.

आधी सुरक्षितता, मग रंग

मित्रांनो, हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

स्प्रे कॅनमध्ये रंग बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा एलपीजीच्या कुटुंबातला किंवा डायमिथाइल इथर असतो. दोन्ही झटकन पेट घेतात. म्हणून बंद खोलीत, जिन्यात किंवा बाथरूममध्ये फवारू नका. बाल्कनीत गॅस गिझर असेल, शेजारी स्वयंपाकघराची खिडकी असेल किंवा देवघरात दिवा तेवत असेल, तर ती जागा सोडा. गच्ची सगळ्यात चांगली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फवारलं तर हवेत उडालेला रंग शेजाऱ्याच्या गाडीवर बसतो आणि मग वेगळंच प्रकरण सुरू होतं.

कापडी मास्क किंवा साधा एन-९५ इथे पुरत नाही. एन-९५ रंगाचे कण अडवतो, पण सॉल्व्हंटची वाफ सरळ आत जाते. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क हवा. डोकं जड झालं किंवा चक्कर आली तर काम तिथेच थांबवून मोकळ्या हवेत या.

टू-के क्लिअर कोटबद्दल वेगळं सांगायला हवं. यात हार्डनर मिसळावा लागतो. तो वाळल्यावर कडक होतो आणि पेट्रोल सांडलं तरी टिकतो, म्हणून अनेक व्हिडिओंमध्ये तोच वापरायला सांगतात. पण त्याच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट असतं. श्वासातून ते शरीरात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. व्यावसायिक पेंटर हे काम स्प्रे बूथमध्ये, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लावून करतात. घरात लहान मुलं, आजी-आजोबा असताना गच्चीवर किंवा बाल्कनीत टू-के फवारायची जोखीम घेऊ नका. घरी वन-के क्लिअर वापरा. टू-केच हवा असेल तर रंगवलेलं पॅनल बूथ असलेल्या पेंटरकडे द्या, पण तुमच्या रंगावर टू-के चालेल का हे त्याला आधी विचारा.

हवामान बघायला मोबाईल वापरा

फवारलेल्या रंगातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओलावा जास्त असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. ही झाक अंधुक काचेसारखी दिसते.

हे टाळायला वेदर अ‍ॅपमध्ये दोन आकडे बघा: तापमान आणि दवबिंदू. पॅनलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, हा रंगकामातला जुना नियम आहे. घरच्या कामात मी १० अंशांचा फरक धरतो. हिवाळ्यात सकाळी अकराला पुण्यात तापमान २५ आणि दवबिंदू १० असेल, तर आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. रंगासाठी मस्त दिवस! मुंबईत जुलैमध्ये तापमान २८ आणि दवबिंदू २५ दिसला तर कॅनला हात लावू नका. कोकण, गोवा आणि मुंबईकरांनी हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढावं. मे महिन्याच्या भर दुपारीही नको, कारण रंग पॅनलवर पोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो.

रंगवण्याची पद्धत: पायरी पायरीने

पायरी १: पॅनल सोडवा
सोडवण्याआधी प्रत्येक स्क्रू आणि क्लिपचा फोटो काढा. लॉक, हँडल, रबर सील आणि रिफ्लेक्टर काढून ठेवा. निघत नसतील तर टेपने पूर्ण झाका. रिफ्लेक्टरवर रंगाचा धूर बसला तर रात्री मागच्या गाडीला तुम्ही दिसणार नाही.

पायरी २: धुवा
लिक्विड आणि स्क्रबरने आतून-बाहेरून धुवा, भरपूर पाण्याने खळाळा आणि पूर्ण वाळू द्या. मग कापडावर आयपीए घेऊन पुसा आणि कोरड्या कापडाने लगेच टिपा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासलं तर मळ आणि सिलिकॉन ओरखड्यांत खोल जातं. अ‍ॅसिटोन, एनसी थिनर किंवा पेट्रोल वापरू नका. अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळतं.

पायरी ३: घासा
खोल ओरखडे ३२० नंबरने सपाट करा, उरले तर पुट्टी भरा. मग पूर्ण पॅनल ६०० नंबरने पाणी लावून घासा. चमक जाऊन सगळीकडे सारखा मॅटपणा आला पाहिजे. टॉर्च तिरका धरला की चमकणारे कोपरे लगेच सापडतात. पॅनल मुळातच दाणेदार असेल आणि तोच पोत ठेवायचा असेल, तर पेपरऐवजी स्क्रबरने घासा. घासून झाल्यावर पुन्हा धुवा, वाळवा, आयपीएने पुसा. यापुढे पॅनलला उघड्या हाताने शिवायचं नाही.

पायरी ४: आतल्या बाजूला चाचणी घ्या
पॅनलच्या आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर हीच तयारी करा आणि प्रमोटर, प्रायमर, रंग याच क्रमाने मारा. २४ तास थांबा. मग ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढा. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि ओढून काढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे जा. पट्टीला चिकटून आले तर प्रायमर चुकीचा आहे किंवा सफाई कमी पडलीय. एक दिवस थांबायचा कंटाळा येतो खरा, पण दोन्ही पॅनल खरवडून पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा हे बरं.

पायरी ५: प्रमोटर आणि प्रायमर
पीपीच्या पॅनलवर प्रमोटरचा अगदी पातळ हात मारा. तो पारदर्शक असतो, त्यामुळे भरपूर मारायचा मोह होतो. तसं करू नका. पुढचा थर किती मिनिटांत द्यायचा हे कॅनवर लिहिलेलं असतं. ती वेळ टळली तर पकड कमी होते, म्हणून मोबाईलवर टायमर लावा. मग प्रायमरचे दोन पातळ हात मारा. पूर्ण वाळल्यावर १००० नंबरने हलकं घासा आणि धूळ पुसून घ्या. कुठे प्लास्टिक उघडं पडलं तर तिथे पुन्हा प्रायमर मारा.

पायरी ६: रंग
आतली गोळी सुटून खडखड वाजायला लागल्यावर कॅन आणखी दोन मिनिटं हलवा. थंडीत कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर फवारा बारीक येतो. उकळतं पाणी, गॅस किंवा हीटर मात्र अजिबात नाही. ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो.

कॅन पॅनलपासून साधारण एक वीत ते सव्वा वीत लांब धरा, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटर. फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचला. मनगट फिरवू नका, पूर्ण हात समांतर न्या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. पहिल्या हातात खालचा प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. एका जाड थरापेक्षा तीन पातळ हात नेहमी चांगले. कडा आणि कोपरे आधी, मधला भाग नंतर.

दोन हातांमधली वेळ कॅनवर लिहिल्याप्रमाणेच पाळा. अनेक इनॅमल रंगांवर अशी सूचना असते की पुढचा हात ठराविक वेळेच्या आत मारा, नाहीतर एक-दोन दिवस थांबा. मधल्या वेळेत मारलात तर खालचा थर फुगतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात.

पायरी ७: क्लिअर कोट
मेटॅलिक रंगावर क्लिअर लागतोच आणि त्याआधी घासायचं नाही, नाहीतर चमकीचे डाग दिसतात. क्लिअरचे दोन ते तीन हात द्या. टेप शेवटच्या हातानंतर थोड्या वेळाने, रंग पूर्ण कडक होण्याआधी हळू काढा.

पायरी ८: वाळू द्या
पॅनल सावलीत, धूळ नसलेल्या जागी ठेवा. लगेच कडक उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी आवळतो आणि खाली अडकलेलं सॉल्व्हंट बुडबुडे काढतं. हाताला कोरडं लागलं म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. दुसऱ्या दिवशी पॅनल उचलता येतं, पण बॉक्सवर बसवायला किमान एक आठवडा थांबा. पहिला महिनाभर प्रेशर वॉशर आणि पॉलिश टाळा.

काही बिघडलं तर काय करायचं?

• ओघळ आले: पूर्ण वाळू द्या, १००० नंबरने सपाट करा, पुन्हा पातळ हात मारा. ओला ओघळ बोटाने पुसू नका.
• संत्र्याच्या सालीसारखा पोत आला: कॅन लांब होता किंवा हवा गरम होती. घासून पुन्हा मारा.
• माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले: पॅनलवर सिलिकॉन किंवा तेल राहिलंय. त्यावर रंग मारत बसू नका, प्लास्टिकपर्यंत घासून सफाईपासून सुरुवात करा.
• पांढुरकी झाक आली: ओलावा. कोरड्या दिवशी हलकं घासून पुन्हा पातळ हात मारा.
• पोपडे निघाले: जेवढं निघालं तेवढ्यावर ठिगळ लावू नका. खालची पकडच गेलेली असते, पूर्ण पॅनल साफ करा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्मीसारखा हिरवा रंग देऊ का?
नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे. सुटा बॉक्स म्हणजे वाहन नाही असा वाद रस्त्यात घालत बसण्यापेक्षा दुसरी छटा निवडा. आणि बॉक्सच्या जोडीला टाकी, मडगार्ड असा पूर्ण बाईकचाच रंग बदलायचा असेल, तर आरसीवर रंगाची नोंद असते हे विसरू नका. आधी आरटीओत चौकशी करा.

उरलेल्या रंगाने हेल्मेट रंगवलं तर?
अजिबात नाही. रंगातलं सॉल्व्हंट हेल्मेटचं प्लास्टिक आणि आतला फोम कमजोर करू शकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. दिसेल ते अपघाताच्या दिवशीच.

पॅनलला आधीच तडा गेलाय, रंगाने झाकला जाईल का?
झाकला जाईल, बुजणार नाही. बॉक्स ज्या बोल्टवर आणि प्लेटवर टांगलेला असतो तिथे तडा असेल तर रंगाचा विचार सोडा आणि तो भाग बदला. चालत्या बाईकवरून सामानाने भरलेला बॉक्स निसटला तर मागून येणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

रिकाम्या कॅनचं काय करायचं?
काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारा, म्हणजे नोझल चोंदत नाही. संपलेला कॅन भोसकू नका, जाळू नका. घंटागाडीत तो ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्या, कारण तो घरगुती घातक कचरा आहे.

एकूण किती दिवस लागतात?
धुणं, घासणं आणि चाचणी यात एक शनिवार. चाचणीचा निकाल, प्रायमर, रंग आणि क्लिअर यात रविवार. पुढचा आठवडा वाळायला. म्हणजे ट्रिप पुढच्या शनिवारी असेल तर हे काम आज सुरू करू नका. घाईत बसवलेल्या ओल्या पॅनलवर बंजी कॉर्डचा वळ कायमचा उमटतो.

शेवटी एवढंच

मित्रांनो, दुकानात गेल्यावर आपण रंगाची छटा निवडण्यात अर्धा तास घालवतो. त्याआधी पाच मिनिटं पॅनल उलटं करून आतला कोड वाचा. पीपी असेल तर प्रमोटर घ्या, एबीएस असेल तर प्रायमर घ्या, पीई असेल तर रॅपचा भाव विचारा. चिकटपट्टीची चाचणी पास झाली की पुढचं काम निवांतपणे करता येतं, आणि पुढच्या पावसाळ्यातही तुमचे बॉक्स तसेच दिसतील.

ही माहिती उपयोगी वाटली तर राईडला सोबत येणाऱ्या मित्राला नक्की पाठवा, विशेषतः तो बाल्कनीत टू-के फवारायच्या विचारात असेल तर आजच!